बोटाला कळते ते पाठीला का कळत नाही?

कंपासपेटीतला डिव्हायडर घ्या. त्याची दोन टोके एकमेकांपासून पाच मिलिमीटरवर ठेवा, मित्राला डोळे मिटायला सांगा आणि ती त्याच्या तर्जनीच्या टोकाला अलगद टेकवा. टोचू मात्र नका! 'दोन' असे तो चटकन सांगेल. आता तीच टोके पाठीवर टेकवा. बहुधा तो 'एक' म्हणेल. देवनारला आमच्या इमारतीच्या गच्चीवर मुलांनी हा प्रयोग केला, तेव्हा टोकांत तीन-चार सेंटिमीटर अंतर पडेपर्यंत 'एकच, एकच' चालले होते.

असे का व्हावे? बोटाच्या टोकाला स्पर्श टिपणारी ग्राहके दाटीने असतात, पाठीवर विरळ. परंतु एवढेच कारण नाही. त्वचेवर दाब पडताच विद्युत्-स्पंद निर्माण होतात आणि मज्जातंतूंतून सेकंदाला सुमारे ५० मीटर वेगाने मेंदूकडे निघतात. (तारेतल्या विद्युत्-संदेशापुढे ही गोगलगायच!) वाटेत ते बाजू बदलतात, उजव्या हाताचा स्पर्श डाव्या मेंदूला कळतो. तेथे साऱ्या शरीराचा जणू नकाशाच मांडलेला असतो. कॅनडातील शल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या असलेल्या रुग्णांच्या मेंदूला सौम्य विद्युत्प्रवाह देऊन तो शोधला आणि १९३७ साली प्रसिद्ध केला. त्यात बोटांना व ओठांना भली मोठी जागा आहे, एवढ्या रुंद पाठीला मात्र चिमूटभर.

पण मीटर उत्तम आणि तारच तुटली तर? देवनारपासून फार दूर नसलेल्या वडाळ्याला १८९० साली स्थापन झालेले ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय आहे. कुष्ठरोगाचे जंतू मेंदूला हात लावत नाहीत. ते त्वचेत आणि तिच्याजवळच्या मज्जातंतूंत वाढतात. हात जागेवर असतो, मेंदूही शाबूत असतो, निरोप तेवढा पोचत नाही. मग चहाचा कढत पेला बोट भाजले तरी सुटत नाही. या रोगात बोटे आपोआप झडतात हा समज चुकीचा आहे. न कळलेल्या जखमा चिघळत जातात आणि बोटे खुरटतात.

याची तपासणी आपल्या प्रयोगासारखीच असते. रुग्णाने डोळे मिटायचे, डॉक्टरांनी बॉलपेनचे टोक हलकेच टेकवायचे आणि कोठे लागले ते रुग्णाने बोटाने दाखवायचे. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असून तेथे स्पर्श कळत नसेल, तर तो लपवू नये. सरकारी दवाखान्यात औषधे मोफत मिळतात. सहा महिने ते वर्षभर घेतली की रोग बरा होतो. परंतु फार उशीर झाला असेल, तर जंतू मरतात आणि हरपलेला स्पर्श सहसा परत येत नाही.