रुग्णाच्या त्वचेतून आजाराचा माग

यकृताचा विकार असल्यास त्याचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येतो. मेंदू आणि मज्जारज्जूचे तसे नाही. तेथील आजारी पेशी संशोधकांच्या हाती लागतात त्या बहुधा रुग्णाच्या मृत्यूनंतर, म्हणजे व्याधीने आपले काम उरकल्यावर. 'एएलएस'चा अभ्यास याच अडचणीपाशी अडला होता. स्टीफन हॉकिंग यांच्यामुळे सर्वपरिचित झालेल्या या व्याधीत स्नायूंना हालचालीचे आदेश देणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरतात आणि बहुतेक रुग्णांना काही वर्षांतच श्वास घेणेही अशक्य होते.

वाट सापडली ती जपानमध्ये. क्योटो विद्यापीठाचे शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या त्वचेतील पेशींमध्ये अवघी चार जनुके घालून त्यांना भ्रूणातील मूलपेशींसारखे रूप दिले. या कामासाठी त्यांना २०१२चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. अशा मूलपेशीपासून शरीरातील जवळजवळ कोणतीही पेशी घडवता येते. अमेरिकेत हार्वर्डचे केव्हिन एगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली 'एएलएस' झालेल्या ८२ वर्षांच्या महिलेच्या त्वचेपासून याच मार्गाने चेतापेशी तयार केल्या. त्यांत तिचा जनुकीय दोषही जसाच्या तसा उतरला होता.

पुढे २०१४ साली हार्वर्डमध्येच आढळले, की रुग्णांच्या त्वचेपासून बनवलेल्या अशा चेतापेशी गरजेपेक्षा अधिक उत्तेजित होतात. एका प्रकारात सदोष जनुक दुरुस्त करताच ही उत्तेजना ओसरली. अपस्मारावरील 'रेटिगाबिन' या औषधानेही ती शमली. मग ६५ रुग्णांवर या औषधाची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले: उत्तेजना खरोखर घटली होती. आयुष्य वाढते काय, हे ठरवण्याइतकी ती चाचणी मोठी वा दीर्घ नव्हती.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. या पेशी रुग्णाला टोचण्यासाठी नसतात. त्या केवळ आजाराच्या साक्षीदार होत. 'स्टेम सेल'च्या नावाने हमखास बरे करण्याची जाहिरात करणाऱ्यांशी या संशोधनाचा काहीही संबंध नाही.

साक्षीलाही मर्यादा आहेतच. मूलपेशीच्या अवस्थेतून जाताना पेशीचे वय पुसले जाते. ८२ वर्षांच्या वृद्धेच्या त्वचेतून घडलेली चेतापेशी नवजातच ठरते. उतारवयात डोके वर काढणाऱ्या व्याधींच्या अभ्यासात ही मोठीच उणीव. म्हणून काही प्रयोगशाळा मूलपेशीचा टप्पा वगळून त्वचेच्या पेशीचे थेट चेतापेशीत रूपांतर करतात. अशा पेशींवर वार्धक्याच्या खुणा बऱ्याच अंशी टिकून राहतात.