वेदना, मेंदू आणि संमोहन

‘संमोहनाने दुखणे थांबते का हो, सर?’ रंगमंचावरचे संमोहनाचे खेळ पाहून आलेला विद्यार्थी हा प्रश्न हमखास विचारतो. ‘सगळी बनवाबनवी’ आणि ‘मनाची अद्भुत शक्ती’ ही दोन्ही उत्तरे आम्हांला अपुरी वाटतात. खरे उत्तर शोधायचे तर आधी वेदना म्हणजे काय ते पाहावे लागेल.

बोट कापले की तेथून निघालेला संदेश मज्जातंतू व मज्जारज्जूमार्गे मेंदूत पोहोचतो. तेथे त्याची दखल एकाच ठिकाणी घेतली जात नाही. कोठे दुखते व किती दुखते, हे मुख्यतः स्पर्शसंवेदनेच्या केंद्रात ठरते. ते दुखणे किती असह्य वाटते, याच्याशी मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या आतल्या बाजूस असलेल्या सिंग्युलेट नावाच्या पट्ट्याचा निकटचा संबंध आहे.

१९९७ साली कॅनडातील माँट्रियल येथे पिएर रेनव्हिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी याची तपासणी केली. संमोहित स्वयंसेवकांनी ४७ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात हात बुडवला. हा चटका अधिक वा कमी त्रासदायक वाटेल, अशा सूचना त्यांना आळीपाळीने दिल्या गेल्या. पाणी तितकेच गरम होते. तरीही सूचनेप्रमाणे त्रास बदलला आणि त्याबरोबर सिंग्युलेट पट्ट्याच्या पुढील भागातील रक्तप्रवाहही बदलला. स्पर्शकेंद्रात मात्र तसा बदल दिसला नाही. म्हणजे स्वयंसेवक केवळ तोंडदेखले उत्तर देत नव्हते.

मग भुलेच्या औषधाची गरजच काय? याचे उत्तर आपल्याच देशाच्या इतिहासात सापडते. १८४५ साली बंगालमधील हुगळी येथे जेम्स एस्डेल या स्कॉटिश शल्यविशारदाने, त्या काळी ‘मेस्मेरिझम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीने रुग्णांना गुंगवून शस्त्रक्रिया सुरू केल्या. अनेकांना वेदना जाणवल्या नाहीत, असे त्याने लिहून ठेवले आहे. पण १८४६ साली बॉस्टनमध्ये ईथरचा जाहीर प्रयोग यशस्वी झाला आणि ही पद्धत मागे पडली. ईथरचा परिणाम लवकर व जवळजवळ सर्वांवर होत असे. संमोहनाची ग्रहणक्षमता मात्र व्यक्तीव्यक्तीत फार वेगळी असते.

म्हणून आज संमोहन औषधांच्या जोडीला वापरतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील २४१ रुग्णांवरील एका अभ्यासात त्वचेतून नळी घालून करायच्या उपचारांच्या वेळी ते वापरले गेले. नेहमीच्या पद्धतीत वेळ जाईल तशी वेदना वाढत गेली. संमोहनाच्या गटात ती फारशी वाढली नाही आणि औषधही कमी लागले.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. वेदना ही शरीराने दिलेली धोक्याची घंटा आहे. पोटात दुखणाऱ्या मुलाचे दुखणे नुसते शमवले, तर सुजलेले आंत्रपुच्छ फुटेपर्यंत कोणाला पत्ताही लागणार नाही. म्हणून आधी निदान, मग संमोहन. आणि तेही प्रशिक्षित तज्ज्ञाकडूनच. वर्गात याचा प्रयोग कदापि करू नये. पण ‘दुखणे मनाचे आहे’ असे म्हणून एखाद्या मुलाला गप्प बसवण्यापूर्वी माँट्रियलचा प्रयोग जरूर आठवावा. वेदना मेंदूत घडते, म्हणून ती खोटी ठरत नाही.