विश्लेषण : तरुण, प्रेमळ, तरीही बेघर… निवारा केंद्रातल्या कुत्र्याला घरच का हवे?

‘वय दीड वर्ष. निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेले. माणसांत रमणारा. चांगले घर हवे.’ अशा मजकुराची छायाचित्रे व्हॉट्सॲपच्या गटांवर सतत फिरत असतात. छायाचित्र पिल्लाचे असेल तर लगेच विचारणा होते. वाढलेल्या देशी कुत्र्याचे छायाचित्र मात्र अनेकदा महिनोन्महिने फिरत राहते. गंमत अशी, की त्याचा प्रेमळ स्वभाव हेच त्याला पुन्हा रस्त्यावर सोडता न येण्याचे एक कारण असते. असे का होते आणि असा कुत्रा घरी आणायचा तर काय करावे लागते, याचा हा आढावा.

निवारा केंद्रात कोणते कुत्रे येतात?

२०१९च्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटके कुत्रे होते. त्यापैकी महाराष्ट्रात पावणेतेरा लाखांच्या आसपास. यातले फार थोडे निवारा केंद्रात पोहोचतात. वाहनाच्या धडकेत जखमी झालेले, त्वचारोगाने किंवा गोचिडतापाने खंगलेले, आई दगावल्याने उघड्यावर पडलेली पिल्ले आणि घरमालकांनी सोडून दिलेले पाळीव कुत्रे, असे साधारण चार गट असतात. केंद्राचे मूळ काम उपचार करून कुत्र्याला पुढे पाठवणे हे आहे. त्याला जन्मभर सांभाळण्यासाठी केंद्राची रचना केलेली नसते.

मग बरा झाल्यावर रस्त्यावर का सोडत नाहीत?

बहुतेकांना सोडतातच. केंद्र सरकारच्या २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार, भटक्या कुत्र्याचे निर्बीजीकरण आणि लसीकरण करून त्याला जिथून पकडले त्याच भागात सोडायचे असते. शस्त्रक्रिया झाल्याची खूण म्हणून त्याच्या कानाला छोटी खाच दिलेली असते. कुत्रा आपली हद्द ओळखतो. कोणत्या दुकानापाशी पाणी मिळते, कोणती गल्ली दुसऱ्या टोळीची आहे, रस्ता कधी ओलांडायचा, हे त्याला ठाऊक असते.

पण पिल्लू असतानाच केंद्रात आलेल्या कुत्र्याला अशी हद्दच नसते. घरात वाढून नंतर टाकून दिलेल्या कुत्र्याचेही तेच. त्याला माणूस म्हणजे खाऊ आणि मायेचा हात एवढेच माहीत असते. तो कोणाच्याही मागे जातो, अनोळखी माणसाच्या अंगावर प्रेमाने उडी मारतो. रस्त्यावर याच वागण्याला माणूस घाबरतो, दगड मारतो किंवा तक्रार करतो. दुसरीकडे, त्या भागातले कुत्रे नवख्याला टिकू देत नाहीत. म्हणून अशा कुत्र्यापुढे दोनच वाटा उरतात : केंद्र किंवा घर.

न्यायालयाच्या आदेशांनी काय बदलले?

सर्वोच्च न्यायालयाच्या दोन सदस्यीय खंडपीठाने ११ ऑगस्ट २०२५ रोजी दिल्ली परिसरातील भटके कुत्रे उचलून निवारा केंद्रांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन सदस्यीय खंडपीठाने त्यात बदल केला. रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्रे वगळता इतरांना निर्बीजीकरण व लसीकरणानंतर मूळ जागी सोडावे, असे सांगितले आणि सर्व राज्यांना पक्षकार करून प्रकरणाची व्याप्ती देशभर वाढवली. याच आदेशात दत्तक घेण्याचाही उल्लेख आहे. इच्छुक प्राणिप्रेमी पालिकेकडे अर्ज करू शकतात. निवडलेल्या कुत्र्याला ओळखपट्टी लावून तो त्यांना दिला जाईल. तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी मात्र अर्जदाराची.

त्यानंतर ७ नोव्हेंबर २०२५च्या आदेशात शिक्षणसंस्था, रुग्णालये, क्रीडा संकुले, बस व रेल्वे स्थानके या ठिकाणचे कुत्रे हटवून निवारा केंद्रात ठेवावेत आणि पुन्हा तिथे सोडू नयेत, असे स्पष्ट करण्यात आले. म्हणजे परत न जाऊ शकणाऱ्या कुत्र्यांचा नवा गट तयार झाला. महाविद्यालयाच्या आवारात विद्यार्थ्यांच्या डब्यातली पोळी खात वाढलेला कुत्रा हे त्याचे ठळक उदाहरण. केंद्रातली जागा मर्यादित असताना एका कुत्र्याला घर मिळणे म्हणजे दुसऱ्या जखमी कुत्र्यासाठी पिंजरा मोकळा होणे.

तरुण देशी कुत्र्याला मागणी का नसते?

पहिला समज असा, की पिल्लूच लळा लावते, मोठा कुत्रा लावत नाही. प्रत्यक्षात कुत्रा कोणत्याही वयात नव्या माणसांशी जुळवून घेतो. उलट पिल्लाला दिवसातून अनेकदा खाऊ घालावे लागते, शी-शूची सवय लावावी लागते आणि दात येताना ते चपलांपासून सोफ्यापर्यंत सगळे कुरतडते. पिल्लू मोठेपणी किती वाढेल, स्वभावाने कसे निघेल, याचाही नेमका अंदाज नसतो. दीड वर्षाच्या कुत्र्याची उंची, वजन आणि स्वभाव बऱ्यापैकी समोर दिसतात. नोकरदार घरासाठी हा मोठा फायदा आहे.

दुसरा समज ‘गावठी’ या शब्दाशी जोडलेला आहे. लॅब्रॅडॉर, हस्की, पग यांना प्रतिष्ठा आणि देशी कुत्रा म्हणजे राखणदार, अशी विभागणी डोक्यात पक्की असते. पण देशी कुत्र्याची अंगावरची आखूड लव आपल्या उन्हाळ्याला साजेशी असते. हस्कीसारखी थंड प्रदेशातली जात इथल्या उकाड्यात हैराण होते, तर चपट्या नाकाच्या पगला श्वसनाचे त्रास होतात. दिवंगत उद्योगपती रतन टाटा यांचा ‘गोवा’ हा लाडका कुत्राही मुळात रस्त्यावरचाच होता.

केंद्रातच राहिला तर काय बिघडते?

केंद्रातले कर्मचारी जीव लावतात, पण कुत्रे अनेक आणि हात मोजके असतात. सहा महिने ते दोन वर्षे हे कुत्र्याचे उमेदीचे वय असते. या काळात त्याला पळायला, हुंगायला, शिकायला भरपूर वाव लागतो. पिंजऱ्यात तो मिळाला नाही की काही कुत्रे गोल गोल फिरत राहतात, काही सतत भुंकतात, काही कोपऱ्यात गप्प बसतात. भेटायला आलेल्या कुटुंबाला तो ‘फार चंचल’ किंवा ‘घाबरट’ वाटतो आणि ते पुढे जातात. जितके दिवस जास्त, तितकी घर मिळण्याची शक्यता कमी, असे हे चक्र आहे.

दत्तक घेण्याची प्रक्रिया कशी असते?

बहुतेक केंद्रे ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागतात, अर्ज भरून घेतात, घर पाहतात आणि नंतरही विचारपूस करतात. दिवसभर घरी कोण असते, भाड्याचे घर असल्यास मालकाची हरकत नाही ना, गावी जाताना कुत्र्याला कोण सांभाळेल, असे प्रश्न विचारले जातात. ते अडवण्यासाठी नसतात. कुत्रा परत येऊ नये यासाठी असतात.

कुटुंबानेही प्रश्न विचारावेत. लसीकरणाची नोंदवही आहे का, निर्बीजीकरण झाले आहे का, आधी कोणता आजार झाला होता, मुले, मांजर किंवा दुसरे कुत्रे यांच्यासमोर तो कसा वागतो, हे समजून घ्यावे. एकाच भेटीत निर्णय न घेता दोन-तीनदा जावे, त्याला पट्टा बांधून फिरवून पाहावे. घरातल्या प्रत्येकाची संमती हवी. आजी-आजोबांची तर नक्कीच, कारण दिवसा तेच घरी असतात.

घरी आणल्यावर पहिले दिवस कसे जातात?

‘तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने’ असा एक ढोबळ ठोकताळा सांगितला जातो. पहिले तीन दिवस कुत्रा बावरलेला असतो, कदाचित जेवणारही नाही. तीन आठवड्यांत त्याला घराचे वेळापत्रक कळते. घर आपले वाटायला तीन महिने लागू शकतात. केंद्रात खेळकर असलेला कुत्रा घरी पलंगाखाली लपून बसला, तर ती फसवणूक नव्हे. तो फक्त घाबरलेला असतो.

सुरुवातीच्या दिवसांत पळून जाण्याचा धोका मोठा असतो. दार उघडे राहू देऊ नये, बाहेर नेताना गळपट्ट्यासोबत छातीचा पट्टाही वापरावा आणि गळ्यात मोबाइल क्रमांकाची पट्टी असावी. दिवाळीच्या तोंडावर आणल्यास फटाक्यांपासून दूर, आतल्या खोलीत जागा करावी. पावसाळ्यात गोचिडांकडे लक्ष द्यावे. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्यांना घातक असतात, हे स्वयंपाकघरात सर्वांना ठाऊक हवे.

रेबीजची लस वेळेवर देणे टाळता येणार नाही. लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ नेहमीच जीवघेणा ठरतो. कोणत्याही कुत्र्याने चावा घेतला किंवा ओरखडले, तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच रुग्णालयात जावे.

सोसायटीने विरोध केला तर?

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, बहुमताचा ठराव करूनही गृहनिर्माण संस्थेला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. मात्र आवारात पट्ट्यानेच फिरवणे, घाण स्वतः उचलणे आणि भुंकण्याचा त्रास होऊ न देणे, ही जबाबदारी मालकाची आहे. मुंबई, पुण्यासारख्या शहरांत पालिकेचा श्वान परवानाही काढावा लागतो.

जमले नाही तर?

परत रस्त्यावर सोडणे हा पर्याय नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा गुन्हा आहे. त्यासाठी पहिल्या वेळचा दंड मात्र अवघा १० ते ५० रुपये आहे. त्यामुळे या बाबतीत कायद्याच्या धाकापेक्षा माणसाची आधीची तयारीच जास्त उपयोगी पडते. जमत नसल्यास केंद्राला कळवून कुत्रा त्यांच्याकडेच सोपवावा.

खात्री नसणाऱ्यांसाठी तात्पुरत्या सांभाळाचा मार्ग आहे. काही आठवडे कुत्र्याला घरी ठेवले, तर त्याला घरात वावरण्याची सवय लागते आणि तो पलंगावर चढतो का, दाराची घंटा वाजल्यावर काय करतो, एकटा किती वेळ राहतो, हे पुढच्या कुटुंबाला सांगता येते. देशी कुत्रा घरात नीट सांभाळला तर १२-१५ वर्षे सहज जगतो. दीड वर्षाच्या कुत्र्यासाठी त्यातला बहुतांश काळ अजून पुढेच असतो. तो पिंजऱ्यात जाणार की घरात, हे पुढच्या काही महिन्यांत कोणी त्याला भेटायला जाते का, यावर बरेचसे ठरते.