फास्ट की क्विक?

इंग्रजीत फास्ट आणि क्विक हे दोन्ही शब्द वेगाचेच, पण त्यांची अदलाबदल दर वेळी चालत नाही. क्रिकेटमध्ये बोलर फास्ट असतो, कारण चेंडूचा वेग मोजायचा असतो. फलंदाज चोरतात ती धाव मात्र क्विक सिंगल. तिथे हिशेब किती कमी वेळात काम उरकले याचा. झटपट उरकलेली आंघोळही क्विकच.

वेगाच्या इतर शब्दांच्याही जागा ठरलेल्या. आजाऱ्याला शुभेच्छा स्पीडी रिकव्हरीच्या, शहराची वाढ रॅपिड. स्विफ्ट हा शब्द जरा ठेवणीतला.

खरी गंमत जुन्या अर्थांत आहे. फास्ट म्हणजे मुळात घट्ट, पक्का. म्हणून गाढ झोपलेला माणूस आजही फास्ट अस्लीप! क्विक म्हणजे जिवंत. पाऱ्याचे क्विकसिल्व्हर हे नाव त्यातूनच आले.

आणि हो, ‘फास्टली’ लिहू नका. क्रियाविशेषण म्हणूनही फास्टच वापरतात.