जनरेटरची कैफियत

मुळशीच्या जलाशयापलीकडे, जेथे विजेचा शेवटचा खांब आमच्या वाटेपासून अर्ध्या कोसावरच थांबला आहे, तेथे डोंगराच्या कुशीत आमचे एक लहानसे घर आहे. आणि ज्या पाण्याच्या बळावर खाली कोकणात भिऱ्याचे वीजगृह १९२७ पासून मुंबईला वीज पुरवीत आले, ते पाणी पडवीतून दिसत असताना आपल्या घरातला दिवा लावण्यासाठी मात्र छपरावरच्या सोलर पॅनेलांची मर्जी सांभाळावी लागावी, यातला विनोद आता आमच्या अंगवळणी पडला आहे. वर्षाचे आठ महिने ही व्यवस्था निर्वेध चालते. आषाढ लागला, की ढग डोंगरावर उतरून बसतात, बॅटऱ्यांतली शिल्लक दिवसागणिक खाली येते आणि गोठ्यामागच्या शेडमधल्या ५ केव्हीएच्या डिझेल जनरेटरला हाक मारावी लागते.

गेल्या आषाढात सलग अकरा दिवस ऊन पडले नाही, आणि त्या अकराव्या दिवशी जनरेटरने सुरू होण्यात कसूर न करताही आमचा घात केला. इंजिन पहिल्या झटक्याला पेटले, दीड-दोन मिनिटांनी इन्व्हर्टरच्या पोटातला रिले ‘खट्’ वाजला, म्हणजे त्याने जनरेटरची वीज रुजू करून घेतली. लगेच इंजिनाचा आवाज चढणीला लागलेल्या एसटीसारखा जड झाला, धूर काळवंडला, आणि पुन्हा ‘खट्’. इन्व्हर्टरने संबंध तोडला. भार उतरताच इंजिन हलके होऊन धावू लागले, दोन मिनिटांनी पुन्हा स्वीकार, पुन्हा धिक्कार. तासभर हे नाटक चालले. डिझेल जळत राहिले आणि बॅटरी होती तेथेच राहिली.

अशा वेळी दोन दुकानदारांना फोन केला, तर जनरेटरवाला इन्व्हर्टरला दोष देतो आणि इन्व्हर्टरवाला जनरेटरला. दोघांचेही म्हणणे आपापल्या मालापुरते खरे असते, कारण एकेकटी तपासली तर दोन्ही यंत्रे ठणठणीत निघतात. बिघाड यंत्रांत नसून त्यांच्यातल्या करारात असू शकतो, ही गोष्ट मला त्या दिवशी समजली, आणि ती समजण्यासाठी इन्व्हर्टरचा स्वभाव थोडा जाणून घ्यावा लागतो. बाहेरून आलेली वीज तो डोळे मिटून घेत नाही. व्होल्टेज साधारण १८० ते २६० च्या दरम्यान आहे काय, फ्रिक्वेन्सी, म्हणजे प्रवाहाची दर सेकंदाची आवर्तने, ५० च्या आसपास आहेत काय, आणि विजेची लाट पुरेशी गुळगुळीत आहे काय, याची काही काळ खातरजमा करून, स्वतःची लाट तिच्याशी जुळवून घेऊन, मगच तो मंजुरी देतो. घरच्या टीव्हीला किंवा पंख्याला जी वीज चालते, ती याला चालेलच असे नाही. म्हणून जनरेटरवर थेट दिवा लावून ‘वीज तर झकास आहे’ असा दाखला देणे व्यर्थ आहे.

व्होल्टेजपेक्षा फ्रिक्वेन्सीचे प्रकरण अधिक नाजूक. आमच्यासारख्या संथ चालीच्या डिझेल जनरेटरला ५० आवर्तने देण्यासाठी मिनिटाला १५०० फेरे घ्यावे लागतात (छोट्या पेट्रोल जनरेटरना बहुधा ३०००), आणि फेऱ्यांवर नजर ठेवणारा गव्हर्नर, वजने आणि स्प्रिंग यांचा तो जुना कारभारी, भार वाढला की इंधन वाढवितो खरा, पण थोडा वेग गमावूनच. म्हणून जाणकार मिस्त्री रिकाम्या इंजिनाला ५२ आवर्तनांवर लावतो, की पूर्ण भार आल्यावर ते ५० वर स्थिरावावे. ज्याने रिकामेपणी बरोबर ५० लावून ठेवले, त्याने भाराच्या वेळची तूट आधीच करून ठेवली असे समजावे.

दुपारी पौडहून वायरमन आला. पोरगा तिशीचा, पावसाने चिंब. पण आल्याआल्या त्याने कोणत्याही यंत्राचे झाकण उघडले नाही, हे मला विशेष वाटले. आधी त्याने इन्व्हर्टर बाजूला काढून जनरेटरवर नुसता पाणी तापवायचा २ किलोवॅटचा हीटर लावला आणि मीटर धरला: ५२ चे ५१ झाले, व्होल्टेज जागचे हलले नाही. मग हीटर काढून इन्व्हर्टर जोडला. रिले वाजला, आणि मीटरवरचा आकडा ५१, ४९, ४८ असा पायऱ्या उतरत ४६ वर आला. आमच्या इन्व्हर्टरची खालची मर्यादा ४७ वर ठेवलेली होती, तेव्हा त्याने हात झटकले यात नवल कसले?

“काका, मशिनला खोट न्हाई,” तो म्हणाला, “तुम्ही त्याच्याकडनं मागताय किती ते बघा.”

बघितले. इन्व्हर्टरचा चार्जिंग करंट ६० अँपिअरवर होता. बॅटरी ४८ व्होल्टची, म्हणजे दोन-दोन व्होल्टचे २४ सेल. चार्ज होताना ती ५४ च्या घरात जाते. ६० गुणिले ५४ म्हणजे ३,२४० वॅट, चार्जरमधली घट धरून सुमारे ३,७००, आणि त्यावर फ्रीज व दिवे मिळून आणखी ५००. जनरेटरच्या पाटीवर ५ केव्हीए लिहिलेले असले, तरी ०.८ पॉवर फॅक्टरने त्याचे प्रत्यक्ष ४,००० वॅटच होतात. ‘केव्हीए’ आणि ‘किलोवॅट’ एकच समजणे ही तर आपल्याकडची सार्वत्रिक गफलत. शिवाय डोंगरावरची विरळ हवा आणि पेंढ्याच्या कोंड्याने बुजलेला एअर फिल्टर यांनी त्यातूनही आपला वाटा कापून घेतला होता.

मग दोन वर्षे हे सुरळीत कसे चालले? याचे उत्तर माझ्याच वहीत सापडले. वैशाखात बॅटऱ्या बदलल्या, तेव्हा ‘आता नवीन आहेत, लवकर भरतील’ म्हणून ३० चे ६० मीच करविले होते. त्यानंतर पुरेसे ऊन असल्याने जनरेटर लागलाच नाही, आणि लागला तेव्हा बॅटरी इतकी रिती होती, की तिने मंजूर असलेला करंट पै न् पै वसूल करायला घेतला. वायरमनने आकडा ३५ वर आणला, फिल्टर झटकून बसविला. रिले वाजला, आकडा ५०.५ वर थबकला, आणि पुढचा ‘खट्’ काही केल्या आला नाही.

जनरेटर सुरूच होत नसेल तर कारणे अर्थात निराळी, आणि बहुधा क्षुल्लक असतात. त्याची स्वतःची १२ व्होल्टची बॅटरी महिनोन् महिने पडून मेलेली असते. डिझेल संपेपर्यंत चालविल्याने इंजिनाने एअर घेतलेली असते, ती हातपंपाने काढावी लागते. पेट्रोलच्या यंत्रात जुन्या पेट्रोलचा चिकटा कार्ब्युरेटरमध्ये बसलेला असतो. इंजिन व्यवस्थित चालूनही व्होल्टेज शून्य असेल, तर कार्बन ब्रश किंवा व्होल्टेज स्थिर राखणारा एव्हीआर पाहावा.

एक तक्रार मात्र चांगल्या-चांगल्यांना चकविते: सोलरवर सर्व ठीक, जनरेटर जोडला की आरसीसीबी, म्हणजे गळती दिसताच वीज तोडणारा स्विच, पडतो. इन्व्हर्टर स्वतः वीज देत असताना घराचा न्यूट्रल अर्थिंगला कोठे जोडला जातो, आणि जनरेटर चालू झाल्यावर तो जोड सुटतो की राहतो, हा येथे कळीचा प्रश्न. जोड दोन ठिकाणी झाला, तर परतीचा प्रवाह दोन वाटांनी फुटतो आणि आरसीसीबी त्याला गळती समजतो; कोठेच नसला, तर न्यूट्रल अधांतरी राहून अर्थिंगपासून शंभरेक व्होल्ट दाखवितो, टेस्टर दोन्ही तारांवर लुकलुकतो, आणि काही इन्व्हर्टर ही वीज मुळात घेतच नाहीत. हे काम परवानाधारक वायरमनचेच. आरसीसीबी काढून टाकून तक्रार मिटविणारे महाभाग मी पाहिले आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नये. तसेच, घाईच्या वेळी जनरेटरची तार इन्व्हर्टरच्या इनपुटऐवजी आउटपुटवर जोडली, तर तो बहुधा जागीच जळतो. आणि पाऊस कितीही कोसळो, जनरेटर पडवीत आणू नये. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला तो जागे होण्याची सवड देत नाही.

आता आम्ही जनरेटर पहाटे लावतो, कारण रिती बॅटरी दिलेला करंट पुरता घेते आणि इंजिनाला अर्ध्याहून अधिक भार मिळतो, जो डिझेलला मानवतो. नुसत्या दोन दिव्यांसाठी तासन् तास चालविलेल्या इंजिनात काजळी धरते. बॅटरी ऐंशी टक्क्यांवर आली, की बंद. उरलेले वीस टक्के ती थेंबाथेंबाने पिते, तेवढ्यासाठी डिझेल जाळणे परवडत नाही. ते ढगांतून झिरपेल त्या उन्हाच्या हवाली करतो. मात्र शिशाच्या बॅटरीला अधूनमधून काठोकाठ भरावेच लागते, एरवी प्लेटांवर सल्फेट धरते. तेव्हा पंधरवड्यात ऊन नाहीच पडले, तर एक दिवस तोही खर्च सोसतो.

जाताना वायरमनने चुलीतला कोळसा मागून घेतला आणि शेडच्या दाराच्या आतल्या बाजूस ठळक अक्षरांत लिहिले: ‘चार्जिंग ३५. वाढवू नये.’ खाली तारीख घातली, आणि थोडे थांबून, माझ्याकडे न पाहता, कंसात ‘काकांनी’ असे जोडले.