भिंतींतील ओल आणि तिचें निदान

पावसाळा सरतां सरतां आमच्या मराठवाड्यांतील कित्येक घरीं माजघराच्या भिंतीवर तळहाताएवढा डाग दिसूं लागतो. महिन्याभरांत चुना फुगतो, पोपडे गळतात आणि कोनाड्यांतून कुबट वास येतो. ज्या लातुरास २०१६ सालीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथील भिंतींनाही ओल सोडीत नाहीं. कारण पाऊस किती पडला यापेक्षां तो कोठें मुरला यावर ती अवलंबून असते.

नांदेडास गोदाकाठीं आमच्या एका स्नेह्यांचा दगड-मातीचा वाडा आहे. त्यांनीं लागोपाठ तीन दिवाळ्यांस एकाच भिंतीस रंग दिला. तिन्ही वेळां डाग वाढून परतला. अखेर पोपडा खरवडला, तों दगडांमधील माती बोटानें उकरून येऊं लागली! त्याच भिंतीशीं त्यांच्या वृद्ध मातोश्रींचें अंथरूण असे.

म्हणून आमचें वाचकांस सांगणें, कीं रंगाऱ्यास बोलावण्यापूर्वीं डाग नीट पाहावा. तो जमिनीलगत असून दोन-तीन फुटांवर थांबला व कडेस पांढरा लोणा दिसला, तर वात तेल ओढते तशी भिंत जमिनींतील पाणी ओढीत आहे. लोणा म्हणजे त्यासवें आलेले क्षार. डाग वरच्या अंगास असून पावसासरशीं वाढत असेल, तर माळवद, गच्ची वा पन्हाळ तपासावी. भर उन्हाळ्यांतही न वाळणारा डाग बहुधा नळाचा किंवा न्हाणीघराचा. कपाटामागें काळी बुरशी आली, तर तेथें हवा कोंडली आहे. शंका राहिल्यास ॲल्युमिनिअमच्या वर्खाचा तुकडा चारी कडांनीं भिंतीस चिकटवावा. एक-दोन दिवसांनीं खोलीकडील बाजूस दंव दिसलें तर ओल हवेंतील, आंतील बाजूस दिसलें तर भिंतींतील.

उपाय मुळावर हवा. स्नेह्यांच्या अंगणांत वर्षानुवर्षें भर पडून जमीन जोत्याच्या वर आली होती. ती खणून वीतभर खालीं नेली व पाण्यास भिंतीपासून दूर उतार दिला. लोणा कोरड्या कुंच्यानें झाडावा. धुतल्यास क्षार पुन्हा आंत शिरतात. भिंत वाळण्यास कित्येक महिने लागतात. तोंवर धीर धरावा. मग चुन्याचा गिलावा द्यावा. अशा भिंतीस सिमेंट फासलें, तर कोंडलेली ओल आणखी वर चढते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदांचा भार यांखालीं हजारों माणसें गाडलीं गेलीं. अशा भिंतींतील माती भिजली म्हणजे तिचें बळ आणखीच घटतें. यास्तव ओल्या भिंतीस फुगवटा अथवा तडा दिसल्यास प्रथम अंथरुणें दूर करावींत आणि जाणत्या अभियंत्यास दाखवावें.

स्नेह्यांनीं तेंच केलें. सैल झालेला भाग उतरवून पुन्हा बांधला. पुढील दिवाळींत ती भिंत बिनरंगाची होती. परंतु हात लावतां कोरडी लागली.