गर्भपातावर बोलताना

मित्रमंडळींत गर्भपाताचा विषय निघाला आणि मते जुळली नाहीत, तर आधी कायदा पाहावा. १९७१च्या कायद्यानुसार, २०२१च्या दुरुस्तीनंतर, ठरावीक कारणांसाठी २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. बलात्कारपीडित, अल्पवयीन अशा काही जणींसाठी २४ आठवड्यांपर्यंत दोघांचे लागते. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते, नवऱ्याची सही लागत नाही. गर्भलिंगनिदान मात्र गुन्हाच; महाराष्ट्राने त्याविरुद्ध १९८८मध्येच कायदा केला.

उरतो तो श्रद्धेचा आणि मूल्यांचा प्रश्न. तिथे समोरच्याचे म्हणणे आधी आपल्या शब्दांत मांडून ‘असंच ना?’ विचारावे. ‘खुनी’, ‘मागासलेला’ असली विशेषणे टाळावीत. ऐकणाऱ्यांत गर्भपाताच्या अनुभवातून गेलेली कुणी असू शकते.